माळावर सापडलेले शिंग

हरणाचे शिंग दरवर्षी गळून पडते म्हणतात, मग ते रानात जाऊन गोळा करता येते का, हा प्रश्न मला अलीकडे बऱ्याचदा विचारला जातो. विचारणारे बहुतेक लहान मुलांचे आईबाप असतात. कुणाचा भाऊ अमेरिकेत असतो, कुणाची मुलगी. तिकडून फोनवर छायाचित्रे येतात. बर्फ वितळलेल्या टेकडीवर आई, वडील, दोन मुले आणि प्रत्येकाच्या हातात झाडाच्या वाळक्या फांदीसारखे एकेक शिंग. सुटीच्या दिवशी सगळे घर मिळून रान पालथे घालायचे, मुलांचे पाय मोकळे होतात आणि वर फुकटचा खजिना! मग जेऊरला किंवा केमला बसलेल्या मंडळींच्या मनात येते, की हरणे तर आपल्या करमाळ्याच्या माळावरही आहेत, आपण का जाऊ नये?

माझे उत्तर असे, की जायला जरूर जावे. शिंग मात्र आणू नये. हे उत्तर ऐकून मुलांचे चेहरे उतरतात. कायदा आडवा येतो एवढेच सांगितले तर त्यांचे समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण कायदा हे यातले अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे आपल्या माळावरच्या जनावरांत आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे.

तिकडची रीत

आधी अमेरिकेतला प्रकार समजून घेऊ. तिथल्या वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचे गाव आहे. गावाला लागूनच १९१२ साली स्थापन झालेले एल्क हरणांचे राष्ट्रीय आश्रयस्थान आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरीण. डोंगरावर बर्फ साचले, की हजारो एल्क खाली या कुरणात उतरतात आणि हिवाळा संपता संपता नरांची शिंगे तिथेच गळून पडतात. ती गोळा करण्याचे काम स्थानिक बालवीरांकडे असते. १९६८ पासून दर मे महिन्यात गावच्या चौकात या शिंगांचा जाहीर लिलाव होतो आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्या कुरणाच्या कामासाठी परत जातो. त्या चौकाच्या कमानीही शिंगांच्याच आहेत.

पण तिथेही वाटेल तिथे, वाटेल तेव्हा शिंग उचलता येत नाही, ही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. आश्रयस्थानात सामान्य माणसाने शिंग उचलायचे नसते. आसपासच्या सरकारी रानात हिवाळ्याचे महिने शिंगे गोळा करायला बंदी असते, कारण उपासमारीने अशक्त झालेली जनावरे माणसांच्या मागे लागण्याने पळत सुटली तर दगावतात. मे महिना उजाडला, की रान खुले होते. शेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर शिंग उचलणे कायमच बेकायदा आहे. म्हणजे ज्या देशात हा कुटुंबाचा छंद आहे, तिथेही तो जनावराच्या सोयीने चालतो.

गळणारे आणि न गळणारे

आता मुख्य मुद्दा. आपल्या भाषेत शिंग हा एकच शब्द आहे. बैलाचे शिंग, बोकडाचे शिंग, सांबराचे शिंग. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत, अँटलर आणि हॉर्न. हा फरक नुसत्या शब्दांचा नाही. त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत.

अँटलर म्हणजे फांद्या फुटलेले, गळणारे शिंग. ते सांबर, चितळ, भेकर, बारशिंगा यांना असते. नराच्या कवटीवर दोन खुंट असतात. या खुंटांवर दरवर्षी नवे शिंग उगवते. सुरुवातीला ते मऊ असते आणि त्यावर बारीक लव असलेली मखमली कातडी असते. हात लावला तर ऊबदार लागावे, इतके रक्त त्या कातडीतून खेळत असते. या रक्तातून चुना आणि स्फुरद येऊन शिंग भराभर वाढते. एल्कचे शिंग ऐन वाढीच्या दिवसांत दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. सस्तन प्राण्यांत हाड इतक्या वेगाने वाढण्याचे दुसरे उदाहरण नाही. वाढ पुरी झाली, की रक्तपुरवठा थांबतो, मखमल वाळते आणि नर झाडाच्या खोडावर शिंगे घासून ती काढून टाकतो. आत उरते ते निव्वळ हाड.

हे हाड माद्यांच्या हंगामात झुंजीसाठी कामी येते. हंगाम सरला, की नराच्या रक्तातले संप्रेरक उतरते, खुंटाच्या टोकाशी हाड पोखरले जाते आणि एके दिवशी चालता चालता शिंग खाली पडते. दुसरे त्याच दिवशी, नाहीतर काही दिवसांत. खुंटावरची जखम भरते आणि पुन्हा नवे चक्र सुरू होते. सांबराची शिंगे साधारण उन्हाळ्याच्या तोंडाला गळतात, पावसाळ्यात मखमलीत वाढतात आणि थंडीत टणक होतात. चितळांचे वेळापत्रक इतके काटेकोर नसते. एकाच कळपात एकाचे शिंग मखमलीत, तर दुसऱ्याचे टणक दिसते. शिंगाच्या फांद्या मोजून वय सांगता येते ही समजूत मात्र खरी नाही. सांबर आणि चितळ यांच्या शिंगाला बहुधा तीनच टोके असतात. शिंगाचा आकार वयाइतकाच खाण्यावर आणि प्रकृतीवरही ठरतो.

दरवर्षी इतकी शिंगे गळतात, तर ताडोब्याच्या किंवा मेळघाटच्या जंगलात त्यांचा खच का दिसत नाही? कारण जंगल ती खाऊन टाकते. साळिंदर, उंदीर, खारी शिंगे कुरतडतात. हरणेही ती चघळताना दिसली आहेत. मातीत आणि गवतात ज्या क्षारांची कमतरता असते, ते या शिंगांत साठवलेले असतात. उरलेले ऊन-पावसात झिजून मातीत जाते. तेव्हा गळालेले शिंग हे जंगलाच्या दृष्टीने टाकाऊ नाही. सांबराने रानातून वर्षभर गोळा केलेले क्षार ते त्याच रानाला परत करत असते.

हॉर्न म्हणजे न गळणारे शिंग. शेतकऱ्याला ते वेगळे समजावून सांगायला नको. पोळ्याला आपण बैलाची शिंगे साळतो, रंगवतो, ती त्याला जन्मभर पुरतात. आत कवटीतून निघालेला हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या पदार्थाची खोळ. एखाद्या बैलाचे शिंग आपटून खोळ निघाली, तर आतला गाभा कसा रक्तबंबाळ होतो, हे ज्याने पाहिले आहे तो विसरणार नाही. मोडलेले शिंग पूर्ववत येत नाही.

आपल्या माळावर राहतात ते काळवीट आणि चिंकारा. दोघांनाही आपण हरीण म्हणतो, पण कुळाने ते गाय, शेळी, मेंढीचे भाऊबंद. काळविटाच्या नराला पीळदार शिंगे असतात, मादीला बहुधा नसतात. वर्षाच्या नराचे शिंग सरळ काडीसारखे असते, पुढे त्याला पीळ पडत जातो. चिंकाऱ्याच्या नराला वळ्या असलेली, किंचित मागे झुकलेली शिंगे असतात आणि मादीलाही बारीक शिंगे येतात. यांतले एकही शिंग गळत नाही. सांबर पाहायचे तर सह्याद्रीत कोयना-चांदोलीकडे जावे लागते, चितळांसाठी विदर्भात. करमाळ्याच्या माळावर शिंग गाळणारे हरीणच नाही.

याचा अर्थ सरळ आहे. झुंजीत क्वचित एखादे शिंग मोडते, तेवढा अपवाद सोडला तर आपल्या माळावर सापडलेले शिंग म्हणजे एक मेलेले जनावर. वायोमिंगच्या टेकडीवर शिंग टाकून देणारा एल्क पुढच्या वळणावर चरत असतो. आपल्या माळावर शिंगाचा धनी उरलेला नसतो.

मग तो कशाने मेला, हा पुढचा प्रश्न. म्हातारा होऊन मेला असेल. लांडग्याने धरला असेल, तर ती रानाची रीतच आहे. पण गावच्या मोकाट कुत्र्यांनी दमवून मारला असेल, रस्त्यावर गाडीखाली आला असेल, कुंपणात सोडलेल्या विजेला चिकटला असेल, फासात अडकला असेल किंवा कठडा नसलेल्या विहिरीत पडला असेल, तर ते कुणाला तरी कळायला हवे. शिंग, कवटी, आसपासची हाडे, खुणा यांवरून जाणकाराला बरेच कळते. शिंग पिशवीत घालून घरी नेले, की तो पुरावाच नाहीसा होतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरची मंडळी माळावर फिरत असताना एका जुन्या विहिरीच्या काठाशी शिंगांसह कवटी दिसली. पोरांनी हात न लावता फोटो काढला, जागा लिहून घेतली आणि आम्ही वनखात्याला कळवले. कर्मचारी आले, पंचनामा झाला. विहिरीत वाकून पाहिले, तर तळाशी आणखी दोन सांगाडे होते. मालक भला माणूस होता. त्याने त्याच महिन्यात विहिरीच्या तोंडावर जाळी टाकली. ते शिंग आम्ही दिवाणखान्यात टांगले असते, तर विहीर तशीच उघडी राहिली असती.

कायदा काय म्हणतो

आता कायद्याकडे येऊ. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याआधी परवाना काढून शिकार करता येत असे आणि जुन्या वाड्यांत भिंतीवर दिसणारी शिंगे त्या काळातली आहेत. मर्दानी खेळातला माडू, म्हणजे काळविटाची दोन शिंगे जोडून केलेले हत्यार, हाही त्याच काळातला. आता या कायद्याने संरक्षित प्राण्याच्या कोणत्याही अवयवाला जपले आहे. त्यातल्या मृगयाचिन्हांच्या व्याख्येत गळालेली आणि न गळणारी अशी दोन्ही शिंगे, तसेच हाडे, दात, नखे, पिसे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. रानात मेलेला प्राणी आणि त्याचे अवयव ही सरकारी मालमत्ता ठरते. अशी वस्तू हाती आली, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवणे बंधनकारक आहे. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीच उचलायचे नसते. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

“पण आम्ही मारले कुठे? नुसते उचलले,” असे कुणी म्हणेल. अडचण अशी, की उचललेले शिंग आणि मारून मिळवलेले शिंग यांतला फरक फार काळ टिकत नाही. आपोआप गळालेल्या सांबरशिंगाचे बूड खडबडीत आणि किंचित फुगीर असते, भोवती दाणेदार कडे असते. मारलेल्या जनावराचे शिंग खुंटासकट किंवा कवटीच्या तुकड्यासकट कापलेले असते. इथवर ओळखता येते. पण त्याच शिंगाची सुरीची मूठ झाली, गुंड्या झाल्या, भस्म झाले, की कोणते गळालेले आणि कोणते मारलेले हे कोण सांगणार? गळालेल्या शिंगाला बाजार खुला ठेवला, की त्याच दाराने मारलेलेही आत येते. म्हणून ते दार बंद आहे.

मग मोरपीस कसे चालते, हा पोरांचा ठरलेला प्रश्न. मोराच्या शेपटीच्या पिसाला कायद्यात खास सवलत आहे. देवळात, पोथीत, वासुदेवाच्या टोपीत आणि कृष्णाच्या मुकुटात ते इतके रुजले आहे, की त्याला वेगळे काढावे लागले. पावसाळा सरत आला, की मोराचा पिसारा झडतो आणि शेताच्या बांधावर पीस मिळते. ते मुलांनी वहीत जरूर ठेवावे. मोराला मारून उपटलेले पीस मात्र या सवलतीत बसत नाही.

घरात आजोबांच्या वेळचे एखादे शिंग असेल तर? अशा वस्तू जाहीर करण्यासाठी सरकारने २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती. ज्यांनी तेव्हा नोंद केली, त्यांच्याकडे कागद असतील. ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांनी ते विकू नये, कुणाला भेट देऊ नये, गुपचूप नदीतही सोडू नये. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांकही आहे.

घरी काय आणायचे?

इतके सगळे नकार ऐकल्यावर मुलांना घेऊन माळावर जाऊन करायचे तरी काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या घरी आम्ही एक साधा नेम ठेवला आहे. रानातून फक्त नोंद आणि ठसा आणायचा. कुसळे मात्र न विचारता पायजम्याला चिकटून घरी येतातच.

नोंदीसाठी शंभर पानी वही पुरते. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले आणि कुणाला दिसले, एवढे सहा रकाने. शेवटचा रकाना मुलांसाठी फार महत्त्वाचा असतो. आपले नाव वहीत यावे म्हणून आठ वर्षांचे पोरही डोळ्यांत तेल घालून पाहते.

पाहायचे काय? पहिली गोष्ट लेंड्या. शेळ्या-मेंढ्या चालता चालता लेंड्या टाकतात, त्या वाटेवर विखुरलेल्या असतात. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी येऊन लेंड्या टाकतो, त्यामुळे तिथे ढीग साचतो. उघड्या माळावर असा गोल ढीग दिसला, की समजावे ही कुणाची तरी हद्द आहे. दुसऱ्या आठवड्यात तोच ढीग ताजा आहे की वाळला, हे पाहिले तर नर तिथे आहे की हद्द सोडून गेला, हे कळते.

दुसरी गोष्ट खुरांचे ठसे. पाऊस उघडल्यावर ओढ्याकाठची माती ओली असते, तेव्हा ठसे उत्तम उमटतात. आपल्याकडे धनगरांचे कळप सगळीकडे फिरतात, त्यामुळे मेंढी-शेळीचा ठसा आणि हरणाचा ठसा वेगळा ओळखणे ही पहिली परीक्षा. मेंढीचा खूर पुढे बोथट असतो. काळविटाचा अरुंद आणि टोकदार, पिंपळपान मधोमध चिरल्यासारखा. चिंकाऱ्याचा त्याहून नाजूक. ही परीक्षा कुठल्याही मेंढपाळाकडून तासाभरात शिकता येते.

ठसा घरी आणायचा तर प्लास्टर ऑफ पॅरिस न्यावे. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीचे कडे करून ठशाभोवती मातीत रोवायचे. दोन भाग प्लास्टरला एक भाग पाणी घेऊन भज्यांच्या पिठाइतके सरसरीत कालवायचे आणि कडेने हळूच ओतायचे. अर्ध्या तासात घट्ट होते. घरी आणून एक दिवस वाळू द्यायचे, मग जुन्या दातघासणीने माती झाडायची. मागे तारीख आणि जागा कोरायची. भारतात वाघांची गणती अनेक वर्षे पायाच्या ठशांवरून होत असे. पुढे त्या पद्धतीतल्या उणिवा लक्षात आल्या आणि २००६ च्या गणनेपासून कॅमेऱ्यांचा वापर सुरू झाला. पण मुलांना जनावराची चाल, वजन, घाई समजून घ्यायला ठशासारखा दुसरा गुरू नाही. भिंतीवर टांगायला शिंगाऐवजी अशा ठशांची रांग फार सुरेख दिसते, आणि तिच्यासाठी कुठलेच जनावर मेलेले नसते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. माळ कुणाच्या तरी मालकीचा असतो, आधी विचारावे. ज्वारी उभी असेल, तर रानात शिरू नये, बांधावरून चालावे. अभयारण्यात परवानगी घेऊनच आणि वाटेवरूनच. लांडगा-कोल्ह्याची विष्ठा दिसली, तर त्यातले केस काडीने पाहावेत, हात लावू नये, त्यातून रोग होतात. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की आपण मागे फिरावे. आणि गवतात एकटे बसलेले पाडस दिसले, तर ते बेवारस समजू नये. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. कणवेने घरी आणलेली पाडसे बहुधा जगत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये आपल्या तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, त्या दिवसांची आठवण सगळ्यांना आहे. तेव्हा दिवस चांगला वर आल्यावर निघावे, मावळायच्या आत परतावे आणि लहान मुलांना नजरेआड होऊ देऊ नये.

वहीची किंमत

या नोंदींचा उपयोग काय, असेही कुणी विचारतो. त्यासाठी आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण पुरेसे आहे. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांना सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नान्नजच्या माळावर माळढोक दिसला. त्यांनी तो पाहिला, नोंदवला, लोकांना सांगितला. पुढे १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतले मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात होते आणि आपला करमाळा तालुकाही होता. एवढ्या मोठ्या क्षेत्रात गावे, शेते, रस्ते सगळेच आले, त्यातून लोकांच्या अडचणी झाल्या आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. काळवीट या संरक्षणात टिकले. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली जाहीर झालेले काळवीट अभयारण्य तर जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे, पण तिथे आजही कळप दिसतात. माळढोक मात्र जवळजवळ हातचा गेला. सगळ्या देशात तो आता दीडशेच्या आत उरला आहे, आणि तोही मुख्यतः राजस्थानात.

माळढोक गेला, कारण माळ गेला. उजनीचे पाणी आले, ऊस आला, केळी आली. त्याने तालुक्याला दोन घास जास्त मिळाले, त्याबद्दल कुणी शेतकऱ्याला दोष देऊ नये. पण जो माळ उरला, त्याला आपण कागदावर पडीक म्हणतो, हे खटकते. जिथे कुसळी, पवन्या, मारवेल वाढते, जिथे धनगराची मेंढी, काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल सगळे एकाच गवतावर जगतात, ती जमीन पडीक कशी? तिथे खड्डे खणून सुबाभूळ लावली, की आपल्याला काहीतरी चांगले केल्यासारखे वाटते. काळविटाला मात्र उघडा माळ हवा. दूरवर दिसावे आणि सुसाट पळता यावे, यावरच त्याचा जीव अवलंबून असतो. या माळावर काय काय राहते, हे पुराव्यानिशी सांगणारे लोक गावात असतील, तरच उद्या त्याची बाजू मांडता येईल.

सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली आयुष्यभर वनखात्यात वावरले. २०२५ साली ते गेले. त्यांनी रानातून जे गोळा केले, त्यात शब्दांचा वाटा मोठा होता. आदिवासींकडून, पारध्यांकडून, गुराख्यांकडून त्यांनी पशुपक्ष्यांची, झाडांची नावे टिपून घेतली आणि त्यांतून कोश उभे केले. आपल्या माळावरही अशी नावे आहेत. गवताच्या प्रत्येक जातीला, खडकाच्या प्रत्येक टेपाडाला म्हाताऱ्या मेंढपाळांकडे नाव आहे. ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला मुलांना सांगा. ती सांगणारी माणसे फार दिवस राहणार नाहीत.

गळणारी शिंगे मुलांना दाखवायचीच असतील, तर पुण्याला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जावे. सांबर, चितळ आणि काळवीट तिथे एकाच फेरीत पाहायला मिळतात. कुणाच्या शिंगाला फांद्या आहेत आणि कुणाच्या शिंगाला पीळ, कुणाची मखमलीत आहेत आणि कुणाची टणक, हे मुलांनाच ओळखू द्यावे. तिथून परतल्यावर पुढच्या रविवारी वही, पाण्याची बाटली आणि प्लास्टरची पुडी घेऊन माळावर निघावे. ज्वारी काढून झाली, की काळविटांचे कळप मोकळ्या रानात येतात आणि बांधावर बसूनही दिसतात. काळा नर कोणता, तपकिरी कोवळे नर किती, माद्या किती, पाडसे किती, हे मोजून लिहावे. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा मोजावे आणि दोन आकडे शेजारी ठेवून मुलांनाच विचारावे, की कळप वाढला की घटला, आणि का.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)